बर्फावरची काळी धूळ

पावसाळ्याच्या आरंभी आपल्या रानातल्या ओढ्याचे पाणी चहासारखे दिसते. कुजलेल्या पानांतली सेंद्रिय द्रव्ये त्यात उतरलेली असतात. जीवाणूंपासून खेकड्यांपर्यंत साऱ्यांचे पोट शेवटी त्या पालापाचोळ्यावर चालते. मग जिथे झाडच नाही, अशा ध्रुवप्रदेशातल्या ओढ्याला हा शिधा कोण पुरवतो?

उत्तराचा पहिला धागा १८७० साली हाती आला, तोही दुसरेच काही शोधताना. त्या जुलैत नूर्डेनशोल्ड हा संशोधक ग्रीनलंडच्या हिमस्तरावरून आत निघाला होता. सोबत बेर्गग्रेन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. बर्फात जागोजागी नळीसारखी उभी भोके दिसली. ती पाण्याने भरलेली होती आणि तळाशी करड्या-काळ्या गाळाचा थर होता. नूर्डेनशोल्डने ग्रीक शब्द जोडून त्याला नाव दिले 'क्रायोकोनाइट', म्हणजे थंडीतली धूळ. यातली काही धूळ अंतराळातून आली असावी, असे त्याला वाटले. बेर्गग्रेनचे लक्ष मात्र शैवालाकडे गेले, आणि खरे मर्म तिथेच होते. काळी धूळ ऊन शोषते, खालचा बर्फ वितळतो, खळग्यात पाणी साचते आणि त्यात शैवाल वाढते. शैवालाने गाळ अधिक काळा होतो, की आणखी बर्फ वितळतो. (काळा व पांढरा कागद उन्हात ठेवून वर्गात हे सहज दाखवता येईल.) धुळीचा बराचसा भाग वाऱ्याने आणलेल्या मातीचा असतो, हे पुढे स्पष्ट झाले.

अंटार्क्टिकावरच्या टेलर दरीत डिसेंबर १९०३ मध्ये स्कॉट उतरला, तेव्हा त्याला शेवाळ किंवा दगडफूलसुद्धा दिसले नाही. दरी मृत आहे, असे त्याने मानले. तिथले ओढे उन्हाळ्यातले काही आठवडेच वाहतात. त्यांच्या पाण्यात सेंद्रिय कार्बन अगदी थोडा असतो, पण असतो. लाकडातले लिग्निन त्यात जवळजवळ नसते. हे सारे शैवाल व जीवाणू यांनी घडवलेले असते. काही हिमनदीवरच्या खळग्यांतून येते, काही ओढ्याच्या तळावरच्या शैवालाच्या पातळ थरातून.

अलास्का ध्रुवावर नाही, पण पुढचा धक्का तिथून बसला. २००९ साली तिथल्या नद्यांच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या नदीच्या खोऱ्यात हिमनद्यांचा बर्फ सर्वांत जास्त, तिच्यातला विरघळलेला कार्बन सर्वांत जुना, सुमारे ४००० वर्षे वयाचा निघाला. तरीही त्याचा ६६ टक्के भाग जीवाणू फस्त करू शकत होते! मातीतला जुना कार्बन सहसा पचायला कठीण, म्हणून तर उरलेला असतो. मग हा इतका जुना आणि इतका पचनी पडणारा कसा? बर्फाखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन वनांचा हा अंश असावा, असा एक तर्क होता.

२०१२ साली दुसरे उत्तर पुढे आले. कोळसा आणि खनिज तेल यांतल्या कार्बनचे वय लाखो-कोट्यवधी वर्षांचे असते. त्यांच्या धुराचे कण बर्फावर पडले व पाण्यात उतरले, तर थोड्या प्रमाणातही सरासरी वय फार मागे जाते. म्हणजे त्या चार हजार वर्षांतली कित्येक आपल्या धुराड्यांतूनच गेलेली असू शकतात.