नकलेविरुद्धचा कायदा आधी कुणासाठी आला?

लग्नसराई आली की पैठणीच्या नावाखाली काय वाट्टेल ते खपतं. कोल्हापुरीच्या नावाखाली रेक्झिन आणि पुठ्ठा, नामांकित कंपनीच्या नावाखाली कुठल्या तरी गाळ्यात भरलेली लिपस्टिक आणि क्रीम. यावर आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "लोकांनाच स्वस्त पाहिजे." दोन, "आपल्याकडे कायदाच नाही."

दुसरं वाक्य साफ चूक आहे. कायदा आहे, आणि तो सव्वाशे वर्षांहून जुना आहे. प्रश्न वेगळाच आहे: तो कुणाला वाचवायला आला, आणि कोण रांगेत शेवटी राहिलं? पोस्ट जरा मोठी आहे, पण सवडीने वाचा.

सुरुवात १८६६ पासून करू. त्या वर्षी लंडनच्या इंडिया ऑफिसातल्या जॉन फोर्ब्स वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याने एक अजब ग्रंथमाला तयार केली. १८ खंड, आणि त्यात छापील चित्रं नाहीत तर भारतीय कापडाचे कापून चिकटवलेले ७०० खरे तुकडे. लुगडी, धोतरं, पागोटी, मलमल, सगळं. असे २० संच केले. त्यातले १३ ब्रिटनमध्ये वाटायचे ठरले आणि ७ भारतात. हेतू उघड होता. इथली माणसं काय नेसतात, काठ किती रुंद, पदर कसा, हे तिकडच्या गिरणीवाल्याला हातात धरून बघता यावं आणि तसाच माल काढून इथे विकता यावा. म्हणजे नक्कल करायला लागणारा नमुनासंच सरकारनेच पुरवला! ज्या विणकरांचे ते नमुने होते, त्यांना कुणी विचारलं नाही.

बरं, जो माल यायचा तो तरी चोख होता का? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, कापूस महागला. लँकेशायरच्या गिरण्यांनी सुताला खळ देताना त्यात चिनी मातीची भर घातली, आणि युद्ध संपल्यावरही ती सवय सुटली नाही. कापड दिसायला जाड, हाताला वजनदार. एकदा धुतलं की माती पाण्यात आणि हातात जाळी.

आता पुढचं बघा. १८८९ मध्ये भारतात 'मर्चंडाइज मार्क्स ॲक्ट' आला. ब्रिटनमध्ये दोनच वर्षांपूर्वी असा कायदा झाला होता. जर्मन माल इंग्रजी छाप मारून विकला जातो ही तिथल्या कारखानदारांची मोठी तक्रार होती. तोच कायदा इथे आणला. खोटा छाप मारणं गुन्हा, मालाचं खोटं वर्णन करणं गुन्हा, ताग्यावर लांबी लिहिणं बंधनकारक.

त्या काळी विलायती कापड छापावर खपायचं. वाचता न येणारं गिऱ्हाईक ताग्यावरचं चित्र बघून माल ओळखायचं: देवाचं, वाघाचं, हत्तीचं. त्या चित्राची नक्कल झाली की व्यापारी कोर्टात. कागदावर कायदा सगळ्यांसाठी होता हो, पण छाप होता कुणाकडे? येवल्याच्या किंवा पैठणच्या विणकराकडे छाप नव्हता. त्याची ओळख म्हणजे त्याच्या गावाचं नाव आणि हातातली कला. त्याला कायद्याच्या पुस्तकात जागाच नव्हती. १८६६ मध्ये त्याची नक्कल करायला मदत, आणि २३ वर्षांनी नक्कल गुन्हा, पण ती दुसऱ्याच्या छापाची.

यानंतर संरक्षण मिळालं ते खादीला. स्वदेशीच्या लाटेत खादी खपायला लागली तशी गिरणीतलं जाडंभरडं कापडही खादी म्हणून बाजारात आलं. १९२५ मध्ये चरखा संघ स्थापन झाला, आणि दुकानदारांना प्रमाणपत्रं देणं हे त्याचं एक कामच होऊन बसलं. शेवटी १९३४ मध्ये खादीच्या नावाच्या संरक्षणाचा कायदा झाला: हातानं कातलेलं आणि हातमागावर विणलेलं असेल तरच 'खादी' म्हणायचं. हे शक्य झालं कारण खादीमागे एक संघटना उभी होती, एक चळवळ उभी होती. एकट्या विणकराच्या ओरडण्याने झालं नसतं, हे लक्षात ठेवा.

१९४० मध्ये ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा आला. कंपन्यांची सोय झाली.

आणि गिऱ्हाइकाच्या कातडीचं काय? औषधांचा कायदाही १९४० चाच, पण त्यात सौंदर्यप्रसाधनं आली १९६२ मध्ये. 'बनावट प्रसाधन' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या आली १९८२ च्या दुरुस्तीत. दुसऱ्याच्या नावाने बनवलेलं, दुसऱ्यासारखं दिसेल असं केलेलं, किंवा लेबलवर अस्तित्वातच नसलेल्या कारखान्याचं नाव टाकलेलं.

हे नुसतं फसवणुकीचं प्रकरण नाही. गोरं करणाऱ्या अनेक बेनामी क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होणं रोखतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत 'फरक' दिसतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. प्रसाधनात नकळत मिसळणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखात एक भाग इतकीच आहे (डोळ्यांच्या प्रसाधनांचा नियम वेगळा). २०२३ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना असाच त्रास झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. केरळातल्या मलप्पुरममध्येही त्याच वर्षी असे रुग्ण सापडले. चेहऱ्यासाठी घेतलेली डबी, आणि दवाखान्याच्या फेऱ्या मूत्रपिंडासाठी.

आता रांगेतला शेवटचा माणूस: कारागीर. भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि लागू झाला १५ सप्टेंबर २००३ ला. १८८९ पासून मोजा, ११४ वर्षं! पैठणीला जीआय मिळालं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून.

शिक्षा कमी आहे का? नाही. सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. पण झडती घालायला पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी लागतो, आणि त्यानेही आधी निबंधकाचं मत घ्यायचं. जीआय नोंदणीचं कार्यालय कुठे? चेन्नईला. येवल्यात मागावर बसणारा माणूस दिवस मोडून हे कधी करणार? आणि पत्र येईपर्यंत दुकानातला माल थांबणार आहे का?

२०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपण सगळे खवळलो. ठीकच होतं. उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली. सूर असा की ज्यांच्या नावावर मानांकन आहे त्यांनी यावं, इतरांनी नाही. पण त्या गदारोळात एक गोष्ट राहून गेली. प्राडाने रूप घेतलं आणि नाव टाकलं. आपल्या बाजारात रोज नाव घेतात आणि काम टाकतात. पहिल्यावर आपण चार दिवस भांडलो, दुसऱ्याकडून आपण खरेदी करतो.

कुणी दोन हजारांची सेमी पैठणी सेमी म्हणून विकली आणि कुणी हौसेने नेसली, तर त्यात काही गैर नाही. ज्याची त्याची ऐपत. गैर आहे ते यंत्रमागाची साडी 'हातमागाची, शुद्ध रेशमाची' म्हणून गळ्यात मारणं. हातानं विणलेल्या पैठणीला महिना-दीड महिना, कधी वर्षही लागतं. दोन दिवसांत निघणारा माल त्याच नावाने शेजारी लटकला की त्या महिन्याची मजुरीच बुडते. मग पोरगा माग सोडून दुसरीकडे कामाला जातो. पुढे नक्कल करायलाही अस्सल उरणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. येवल्यात आणि कोल्हापुरात तक्रार घ्यायला सरकारी माणूस बसवा, चेन्नईचं मत किती दिवसांत यायचं ते ठरवा, आणि कारागिरांच्या संस्थांना वकील द्या. खादीला जमलं ते यांनाही जमेल.

आणि आपण? बिल मागा, आणि बिलावर 'हातमाग, शुद्ध रेशीम' असं लिहून मागा. जो खरा आहे तो लिहून देईल, आणि खोटं निघालं तर तोच कागद जिल्हा ग्राहक आयोगात कामाला येईल. पदर उलटा करून बघा: पारंपरिक विणीचा मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो, यंत्राच्या पदरामागे धागे लोंबतात नाहीतर कातरलेले दिसतात. डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नसेल तर ती खाली ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

तुमच्या गावात असा माल कुठल्या नावाने विकतात? दुकानाचं नाव नको, प्रकार तेवढा सांगा.