मोटारगाडीतील विद्युत् दाब नियामक व भारणदोषांचे निदान

मोटारगाडीतील जनित्राचा विद्युत् दाब ठराविक मर्यादेत ठेवणाऱ्या साधनास विद्युत् दाब नियामक म्हणतात. जनित्र एंजिनावर फिरते व एंजिनाची गती सतत बदलत असल्यामुळे हा दाब आपोआप स्थिर राहत नाही. नियमन बिघडल्यास संचायक घटमाला (बॅटरी) एक तर रिकामी राहते किंवा अतिभारणाने तिच्यातील पाणी आटून ती निकामी होते. या दोषांचे निदान करण्याच्या पद्धती नियामकाच्या रचनेबरोबर बदलत गेल्या आहेत.

१९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत् आरंभक कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला. तोपर्यंत हँडल फिरवून एंजिन चालू करीत. आरंभक रूढ झाल्यावर गाडी सुरू होणे घटमालेवर, म्हणजेच तिच्या भारणावर अवलंबून राहू लागले. त्यानंतरच्या अनेक अमेरिकन गाड्यांत तिसऱ्या कुंच्याचे (ब्रशचे) जनित्र असे. गती वाढली की, आर्मेचर-प्रतिक्रियेमुळे चुंबकीय क्षेत्र विकृत होऊन या कुंच्यावरील दाब घटे व प्रवाह आटोक्यात राही. उन्हाळ्यात दिवसा लांबचा प्रवास करताना कुंचा सरकवून भारण कमी करावे, हिवाळ्यात वाढवावे, असे मालकांना सांगितले जाई. नियमनाचे निम्मे काम अशा रीतीने माणसाकडेच होते.

कंपी नियामकाने ते काम काढून घेतले. यात दाब वाढताच विद्युत् चुंबक एक पट्टी ओढतो, स्पर्शके उघडतात व क्षेत्र वेटोळ्याच्या मंडलात रोध येतो. ही क्रिया सेकंदाला अनेक वेळा घडते. पट्टीच्या स्प्रिंगचा ताण बदलून दाब ठरविता येई आणि हीच सोय पुष्कळदा घातक ठरली. पट्टा सैल असला, टोके गंजली असली किंवा भूजोड कच्चा असला, तरी कारागीर स्प्रिंग आवळून मोकळा होई. मूळ दोष तसाच राही आणि तो दूर झाल्यावर वाढलेल्या दाबाने घटमाला उकळू लागे.

खरे निदान जनित्र व नियामक एकमेकांपासून अलग करूनच होई. अँबॅसडर गाडीमुळे भारतात परिचित झालेल्या ल्यूकस जनित्राची कसोटी याचे उत्तम उदाहरण आहे. ‘डी’ व ‘एफ’ या अग्रांच्या तारा सोडवून ती दोन अग्रे एकत्र जोडीत आणि त्यांच्या व गाडीच्या सांगाड्याच्या दरम्यान व्होल्टमापक लावून एंजिनाची गती हळूहळू वाढवीत. दाब झपाट्याने व न अडखळता चढला, तर जनित्र ठीक असे. मात्र तो २० व्होल्टपर्यंत जाऊ देत नसत. वाचन अर्धा ते एक व्होल्टवर थांबल्यास क्षेत्र वेटोळ्याचा, ४ ते ५ व्होल्टवर थांबल्यास आर्मेचरचा दोष समजत.

१९६० साली क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट गाडीत सिलिकॉन डायोड असलेले प्रत्यावर्ती जनित्र (ऑल्टरनेटर) दिले. घटमालेतील प्रवाह उलट वाहण्यास डायोडच अटकाव करीत असल्याने जुने विच्छेदक अभिचालित्र (कटाउट) अनावश्यक झाले. एंजिन चालू असताना घटमालेची तार काढून भारण तपासण्याची गॅरेजमधील जुनी रीत मात्र चालूच राहिली. तार निघताच उसळणाऱ्या दाबामुळे डायोड व इलेक्ट्रॉनीय भाग जळतात, म्हणून ही रीत सर्वथा त्याज्य आहे.

पुढे इलेक्ट्रॉनीय नियामक जनित्राच्या आतच बसविण्यात आला. डेल्को-रेमी कंपनीच्या १०-एसआय जनित्राच्या मागील बाजूस एक छिद्र असे. त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून क्षेत्र वेटोळे भूजोडित केल्यास नियामक वगळला जाई. अशी सोय नसलेल्या जनित्रांत दोष नियामकाचा असो वा डायोडचा, बहुधा संपूर्ण जनित्रच बदलतात.

१२ व्होल्टच्या यंत्रणेत पूर्ण भारित घटमालेचा विरामावस्थेतील दाब सु. १२·६ व्होल्ट व भारणाच्या वेळी साधारणतः १३·८ ते १४·५ व्होल्ट असतो. तथापि संगणकनियंत्रित गाड्यांत इंधन वाचविण्यासाठी भारण हेतुतः कमी केले जात असल्याने, १३ व्होल्टांखालील वाचन दिसले म्हणून त्या गाडीत दोष आहे असे धरता येत नाही. दिवे व पंखा लावून विद्युत् भार वाढविल्यावर दाब कसा बदलतो, तेही पाहावे लागते.