पत्र्याखाली

आमच्या मळ्यात वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद असं एक पत्र्याचं शेड आहे. आधी त्यात मोटारीचा स्टार्टर, ठिबकच्या नळ्या, खताची पोती असं सगळं असायचं. गेल्या उन्हाळ्यात नातू कॉलेजच्या सुट्टीला आला आणि भर दुपारी त्याच शेडाच्या अर्ध्या भागात पुस्तक उघडं टाकून गाढ झोपला. त्याला झोपलेला बघून मला आई आठवली. पत्र्याखालच्या खोलीची ही हकीकत म्हणूनच लिहायला घेतली. ती माझ्या एकट्याच्या घरची नाही. खानापूर तालुक्यात निम्म्या घरांवरचं छप्पर असंच बदललं आहे.

आमच्या घरानं तीन पिढ्यांत तीन छपरं बघितली. पणज्याच्या वेळी प्लेग आला. १८९६ साली मुंबईत सुरू झालेली ती साथ वर्षा-दोन वर्षांत आमच्या सातारा जिल्ह्यात पोचली आणि पुढं कितीतरी वर्षं येत-जात राहिली. उंदीर मरून पडायला लागले की लोक गाव मोकळं करायचे आणि रानात कुडाची खोपटं घालून राहायचे. आजी सांगायची, "गावात कुत्रंबी न्हाई आन् रानात समदं गाव." ते छप्पर गवताचं. पाऊस लागला तर गळायचं, पण उन्हात गार असायचं.

आज्यानं आणि आबांनी मिळून गावात चार खणाचं माळवद बांधलं. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ साली जिल्ह्याचे दोन भाग झाले, आम्ही दक्षिण साताऱ्यात गेलो आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. जिल्हा बदलला, घर तेच राहिलं. माळवद म्हणजे काय ते आता नव्या पोरांना सांगावं लागतं. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचण, त्यावर चिपाडं आणि पाला, मग मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही पांढरी माती पाणी धरत नाही. दर वर्षी मृगाच्या आधी बैलगाडीनं ती आणायची आणि माळवदावर पसरून चोपायची. आमचा भाग पर्जन्यछायेचा, पाऊस बेताचा, म्हणून हे छप्पर चालायचं. कोकणात ते एका पावसात वाहून गेलं असतं.

माळवदाचं वजन किती, याचा हिशेब मी एकदा मांडला होता. दहा बाय दहाच्या जागेवर फूटभर माती धरली तर शंभर घनफूट होते, म्हणजे चार-साडेचार टन. एवढं ओझं डोक्यावर घेऊन आम्ही झोपत होतो. पण गारवाही त्या ओझ्याचाच होता. दिवसभराचं ऊन माती हळूहळू पीत जायची, आणि ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असायची. थंडीत याच्या उलट, पहाटेपर्यंत ऊब.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला अंधुक आठवते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आबांनी मला घोंगडीसकट उचलून अंगणात आणलं. माळवदाची माती किलचणीतून भुरूभुरू गळत होती. कोयनानगरात दीडशेच्या वर माणसं गेली. आमच्याकडं एक भिंत तडकली आणि गोठ्याचा कोपरा ढासळला, एवढ्यावर भागलं. आबांनी भिंत लिंपली आणि विषय संपला.

पण १९९३ चं तसं झालं नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसं मेली. पेपरातले फोटो बघून अंगावर काटा आला, कारण ती घरं आमच्या घरासारखीच होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं छप्पर. वाचलेल्या लोकांना सरकारनं पत्र्याच्या शेडात ठेवलं. त्या दिवसांत आमच्याकडं एकच बोलणं चालायचं, 'माळवद जीव घेतं, पत्रा जीव वाचवतो.'

मी तेव्हा ऐन तिशीत होतो, घरात दोन लहान पोरं होती. मी हट्ट धरला. आबा म्हणाले, "तुझं तू बघ." आई मात्र म्हणाली, "अरं बाळा, सत्तर पावसाळं काढल्यात त्या घरानं. जरा दम धर की." मी दम धरला नाही. १९९४ च्या उन्हाळ्यात माळवद उतरवलं. किलचण जळणाला गेली, तुळया विकल्या, भिंती कमी करून लोखंडी अँगलवर पन्हाळी पत्रा ठोकला. दोन दिवसांत छप्पर झालं. दहा फुटी पत्र्याचं वजन दहा-पंधरा किलो, एक माणूस डोक्यावर घेऊन शिडी चढतो. मला कोण अभिमान वाटला होता!

हा पत्रा आला कुठून, हे मला पुढं वाचनात कळलं. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं १८२९ साली पन्हाळी पत्र्याचं पेटंट घेतलं. साधा पत्रा टेकूशिवाय वाकतो, पण त्याला पन्हाळीच्या घड्या पाडल्या की तोच पत्रा लांब अंतर पेलतो. १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच माणसानं लोखंडाला जस्ताचा लेप द्यायचं पेटंट घेतलं, म्हणून गंज थांबला. आपण त्याला 'जस्ती पत्रा' म्हणतो ते बरोबरच आहे. एकावर एक थप्पी लावून तो जहाजातून जगभर गेला. हलका, स्वस्त आणि लगेच उभा राहणारा. पण पहिल्यापासून त्याची एकच खोड सगळीकडं सारखी राहिली. उन्हात तापतो आणि थंडीत गारठतो.

ती खोड आम्हाला पहिल्याच चैत्रात कळली. सकाळी दहालाच घर भट्टीसारखं व्हायचं. मी आणि बायको दिवसभर रानात, पोरं शाळेत. घरात आई एकटी. ती दुपारी पाटी-चटई घेऊन लिंबाच्या झाडाखाली जायची. एका दुपारी पाय दुखत होता म्हणून घरातच पडून राहिली. शेजारची बाई ताक मागायला आली म्हणून कळलं, आई बेशुद्ध पडली होती. डोक्यावर पाणी मारलं, दवाखान्यात नेलं, वाचली. घरी आल्यावर मला काही बोलली नाही. नुसतं वर बघून म्हणाली, "त्या मातीचं वझं हुतं, पर त्याच वझ्याखाली गारवा हुता."

मग माझे खटाटोप सुरू झाले. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या. गारवा आला, पण उंदीर आले आणि उंदरांमागं धामण आली. शिवाय ठिणगी पडली तर सगळं घर पेटणार. पेंढ्या काढल्या. आतून पोती शिवून बांधली, त्यांत धूळ आणि झुरळं झाली. वरून पाणी मारलं, पण दुष्काळी गावात छपराला घालायला पाणी कुठलं? प्यायचं पाणी टँकरनं यायचं. शेवटी आई उन्हाळाभर लिंबाखालीच राहिली. २००१ साली गेली. तोवर तिच्यासाठी मला एक गार खोली करता आली नाही.

किल्लारीविषयीचं आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. तिथं अभ्यासाला गेलेल्या इंजिनिअरांनी लिहून ठेवलं आहे की माणसं मुख्यतः दगडी भिंती ढासळून मेली. मातीत रचलेले गोल दगड, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला. जिथं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत होता, तिथं भिंती पडूनही बऱ्याच ठिकाणी छप्पर उभं राहिलं. उपाय म्हणून त्यांनी सांगितलं ते असं: मातीचा थर कमी करा, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या, भिंतीत आरपार लांब दगड घाला. म्हणजे आमचं माळवद हलकं करून राखता आलं असतं. आई दम धर म्हणत होती, तो हाच दम होता. भीतीपोटी मी सगळंच उतरवलं.

पुढं कृष्णेचं पाणी टेंभू योजनेतून आमच्या भागात आलं आणि रानाचं रूप बदललं. गावातली कितीक घरं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली, मागं राहिलेल्यांत यंत्रमागावर जाणारेही पुष्कळ. आम्ही मात्र रानातच राहिलो आणि डाळिंब लावलं. बाग आली की राखण आली. शेडात राहायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं, या वेळी पत्र्याला अस्तर लावायचं ते नीट.

पहिल्यांदा चुकलोच. दोन इंची थर्माकोल पत्र्याला आतून घट्ट चिकटवला आणि खालून प्लाय मारला. उन्हाळा बरा गेला. मार्गशीर्षात पहाटे अंथरुणावर थेंब पडायला लागले. आभाळ निरभ्र, पाऊस नाही, मग पाणी कुठलं? निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आपल्या श्वासाची, चहाच्या आधणाची वाफ थर्माकोलच्या सांध्यांतून वर जाते आणि त्या गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं. पत्र्याला घाम येतो म्हणतात तो हा. प्लाय काळा पडला, कुबट वास सुटला.

मग बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर काम केलेला तासगावकडचा एक मिस्त्री भेटला. त्यानं सगळं उतरवायला लावलं. "दादा, पत्र्याला श्वास घ्यायला जागा ठिवा," म्हणाला. पत्र्याखाली दोन इंचाची पोकळी सोडली. खाली वळचणीला आणि वर आढ्याला उंदीर शिरणार नाही अशी बारीक जाळी लावून वाट ठेवली. तापलेली हवा आढ्यातून निघून जाते, ओल वाळते. पोकळीखाली चकचकीत फॉइल, चकाकी पत्र्याच्या बाजूला. ती पत्र्याची धग परत फेकते. मग थर्माकोल, त्याचे सांधे खोलीच्या बाजूनं चिकटपट्टीनं बंद. आणि सगळ्यात आत प्लायऐवजी सिमेंटचा बोर्ड, कारण थर्माकोल पेटला तर त्याचा धूर माणसाला बाहेर पडू देत नाही. वायरी पाइपातून घेतल्या, शेडाला अर्थिंग केलं, चूल बाहेर मांडली. पश्चिमेच्या भिंतीलाही असंच अस्तर दिलं आणि बाहेर शेवगा लावला. वरून पत्र्याला पांढरा रंग दिला. औषधं आणि खतं मात्र खोलीतून काढून वेगळ्या खोपीत नेली. ज्या हवेत झोपायचं तिथं विष ठेवू नये.

यात मी काही नवीन शोध लावला नाही. पहिल्या महायुद्धात १९१६ साली इंग्रज सैन्यातल्या निस्सेन नावाच्या इंजिनिअरनं सैनिकांसाठी अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या काढल्या, त्यांनाही आतून दुसरं अस्तर आणि मधे पोकळी होती. पत्रा एकटा माणसाला सांभाळू शकत नाही, हे शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं. आमच्या गावापर्यंत पत्रा आला, अस्तर आलं नाही.

आता भर वैशाखात बाहेरून पत्र्याला हात लावला तर चटका बसतो आणि आत बोर्डाला हात लावला तर कोमट लागतो. माळवदाचा गारवा याला नाही, ते मी कबूल करतो. मातीचं काम माती करते. पण दुपारी माणूस झोपू शकतं.

गावातल्या घरावर अजून साधाच पत्रा आहे. तिथं शेजारी एक म्हातारी राहते, आईच्या वयाची. तिचा मुलगा पत्र्याला पैसे जमवतोय, जुनं माळवद पाडायचं म्हणतोय. परवा मी त्याला मळ्यात आणलं, खोली दाखवली आणि म्हणालो, "पाडायच्या आधी खांब-तुळया तपासून घे. सांगाडा चांगला असला तर माती कमी कर, टेकू दे. आणि पाडायचंच असलं तर अस्तराचे पैसे पत्र्याच्या पैशातच धर, मागनं करू म्हणू नको."

त्यानं विचारलं, "मागनं केलं तर काय हुतं, अण्णा?"

मी त्याला लिंबाच्या झाडाकडं बोट दाखवलं आणि आईची गोष्ट सांगितली.