तीन प्रतींचा ठोका

लोणावळ्यात चिक्कीच्या घाऊक दुकानात मी बिलं काढायचो. पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, गुलाबी टेम्पोवाल्याला, पिवळी आमच्या फायलीत. आमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या डोक्यात उभ्या ओळीत 9 बारीक पिना. विद्युतचुंबकाच्या जोरावर त्या शाईच्या रिबिनीवर आदळतात आणि त्याच ठोक्यानं खालच्या प्रतींवरही अक्षर उमटतं. लेझर प्रिंटर ठोका मारत नाही, म्हणून एका फेरीत तीन प्रती त्याला जमत नाहीत. 1980 साली एप्सनचा एमएक्स-80 आला आणि ही ठोके मारणारी जात जगभर पसरली.

आमचा वैरी जुलैचा पाऊस. कागद सर्द व्हायचा, कडेची भोकं दात्यांवरून निसटायची, ओळी तिरक्या जायच्या. मी कागदाचे गठ्ठे पिवळ्या बल्बखाली शेकत ठेवायचो. रिबीन विटली की पांढरी प्रत वाचवेना. पिवळीवर मात्र किलोचा आकडा ठसठशीत असायचा.