चौकाची भीति आणि घरचीं माणसें

बर्लिनचे वैद्य कार्ल वेस्टफाल यांनीं १८७१ सालीं एका विचित्र दुखण्याला नांव दिलें. त्यांचे रोगी पुरुष होते. पण मोकळा चौक ओलांडण्याची वेळ आली कीं त्यांची छाती धडधडूं लागे, अंगाला कांप सुटे. त्या चौकांत भिण्यासारखें कांहीं नाहीं हें त्यांना पुरतें ठाऊक असे. तरी पाऊल पुढें पडत नसे. कोणी सोबतीला असलें म्हणजे मात्र तीच वाट सुसह्य होई.

पुढें १८९५ सालीं व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनीं अशी घबराट सामान्य मज्जादौर्बल्यापासून वेगळी काढली, आणि १९८० सालीं अमेरिकन मनोवैद्यांच्या वर्गीकरणांत तिच्या झटक्यांना स्वतंत्र विकाराचें स्थान मिळालें. पण नांवनिशीचा हा इतिहास बाजूला ठेवूं. खरी हकीकत घरांतली आहे. बाहेर पडूं न शकणाऱ्या बाईसाठीं बाजार कोण करणार, मुलांना शाळेंत कोण पोंचविणार, तिच्या सोबतीला कोण राहणार? हळूहळू सारें घर त्या भीतीच्या वेळापत्रकाप्रमाणें चालूं लागतें. यांत माया असते खरी. पण मायेलाही कधीं कधीं सत्ता आवडूं लागते.

लंडनमध्यें आयझॅक मार्क्स प्रभृतींनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक उपाय रूढ केला: ज्या जागेचें भय, तेथेंच रोग्यानें जावें व भीति ओसरेपर्यंत थांबावें. गुण चांगला येई. परंतु जूलियन हॅफ्नर यांनीं १९७७ सालीं अशा स्त्रियांच्या पतींकडे लक्ष वेधलें. बायको बरी होऊं लागतांच कांहीं पतीच खचूं लागले! १९७९ च्या एका लेखांत त्यांनीं संशयी नवऱ्यांविषयीं लिहिलें. पत्नी घरांत अडकून होती तोंवर संशय निजलेला. ती एकटी रस्त्यावर जाऊं लागली तेव्हां तो जागा झाला व तिच्या सुधारणेच्या आड आला.

यावरून उपचारानें संसार मोडतात असा बोभाटा करणें मात्र घाईचें होईल. भीति किंवा मंत्रचळ जडलेल्या आणि शिवाय घरांत बेबनाव असलेल्या रोग्यांवर १९८० सालीं लंडनमध्यें दोन्हीं उपाय करून पाहण्यांत आले. दांपत्याच्या सल्लामसलतीनें बेबनाव निवळला, भीति जागच्या जागीं राहिली. भीतीवरील उपचारानें दोन्हीं निवळलीं.

ऑक्सफर्डच्या अँड्र्यू मॅथ्यूज यांच्या मंडळींनीं तर १९७७ पासूनच पतीला घरच्या घरीं उपचाराचा साहाय्यक केलें होतें. अमेरिकेंत आल्बनी येथें डेव्हिड बार्लो व सहकाऱ्यांनीं १९८४ सालीं पाहिलें, तों पतीसह उपचार घेणाऱ्या स्त्रियांना एकट्या येणाऱ्यांपेक्षां अधिक गुण आला. अशा उपचारांत पतीनें शिकावयाचें तें मुख्यतः हें कीं, पत्नी सराव करीत असतां धीर द्यावा. तिच्या वाटेचें काम मात्र आपण उरकून टाकूं नये.