बुडीत फोटो

1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. नावात लाड एवढ्या पुराव्यावर मी, कारंजा लाडचा एक बँक कारकून, त्यांना गाववाले समजतो. असो.

1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा जुळवला. एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत! माझ्या 2005 सालच्या खिशातल्या कॅमेऱ्यानं, कंपनी वेगळी असूनही, ती शांत वृत्ती सांभाळली होती. पुतणीच्या साखरपुड्यात बटण दाबलं, की तो आधी विचार करी, मग उजेड पाडी. तोवर भावी जावई पेढा गिळून मोकळे.

“काऊन बा, निंघाला का?” नानाकाका विचारायचे.

रोलमध्ये फोटो 36. पाहुण्यांत ते रेशनसारखे वाटावे लागत. इथं कार्डावर शंभर मावत, तरी पंगत बसेपर्यंत कार्ड भरलं. मी पडलो कॉमर्सवाला! तिथंच उभ्या उभ्या बुडीत खाती काढली आणि पुसली. त्यात नानाकाका तीनदा होते. तिन्हींत डोळे मिटलेले.

पुढच्याच वर्षी भिंतीवर लावायला काकांचा फोटो हवा झाला. कार्डावर एकही नाही. जुन्या अल्बमात रोलच्या काळातला एक सापडला. पैसे पडले म्हणून तेव्हा कुणी फेकला नव्हता. त्यातही डोळे मिटलेलेच. तोच मोठा करून आणला. दुकानदार म्हणाला, डोळे उघडून देतो.

काकू म्हणाली, “राहू द्या. झोपू द्या त्यायले.”