भिंतीआडचा बंब

अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोमचा, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीचा, मालक पलंगाखालची फळी उचकटतो, तेव्हा बहुतेकदा त्याच्या हाती कुजलेल्या प्लायवूडचा ओला तुकडा येतो. फळीमागे फोमच्या वेष्टणात एक टाकी आडवी बसवलेली असते. सहा गॅलनची, म्हणजे साधारण २३ लिटरची. वेष्टण सोलून आतली रचना दाखवली, तर मराठी माणसाला ती लगेच ओळखू येईल: पोटातून जाळ आणि धूर नेणारी नळी, आणि नळीभोवती पाणी. आपल्या तांब्याच्या बंबाचेच हे भावंड, बंबफोडीऐवजी प्रोपेन गॅसवर चालणारे.

बंब गळू लागला की लपत नसे. न्हाणीघरात किंवा अंगणात तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा असायचा. तळाशी थेंब दिसला की तो उचलून तांबटाकडे न्यायचा, डाख लावून घ्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी अशाच कामांवर जगली. डाख टिकायचा, याचे एक कारण साधे आहे. बंब वरून उघडा असतो, त्यातल्या पाण्याला दाब नसतो. मोटरहोममधली टाकी चारी बाजूंनी बंद असते आणि तिच्यातले पाणी पंपाच्या दाबाखाली असते. दाब दर चौरस इंचाला १५० पौंडांवर किंवा तापमान ९९ अंश सेल्सिअसवर गेले, तर वाफ आणि पाणी बाहेर सोडायला तिला सुरक्षा झडप लावलेली असते. अशा टाकीला ठिगळ धरत नाही.

पाणी तापवण्याचे भांडे बंद होत गेले त्याची सुरुवात १८६८ मध्ये लंडनला झाली. बेंजामिन वॉडी मॉन याने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र केले आणि आइसलंडच्या उसळत्या झऱ्यांवरून त्याला ‘गीझर’ नाव दिले. आपण आजही तोच शब्द वापरतो. मॉनच्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती, त्यामुळे ते धोक्याचे होते. पुढे १८८९ मध्ये पिट्सबर्गमध्ये एडविन रूड या नॉर्वेजियन इंजिनिअरने पाणी साठवून आपोआप तापवणारी टाकी तयार केली. घरातला बंब आता बंद झाला होता, पण तो अजून जागेवर उभा होता.

त्याला चाके मिळायला आणखी बराच काळ गेला. १९५७ च्या सुमारास एअरस्ट्रीम कंपनीच्या, मोटारीमागे जोडायच्या ओढगाडीत बाहेरच्या कुठल्याही जोडणीशिवाय गरम पाणी मिळू लागले. १९६१ मध्ये मिशिगनमधल्या रे फ्रँक याच्या गाड्या ‘मोटर होम’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या, आणि १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटी गावी विनेबेगो कंपनीने कारखान्याच्या पट्ट्यावर मोटरहोम बांधायला घेतली. गाडी स्वस्त झाली, साध्या कुटुंबांच्या आवाक्यात आली.

दुरुस्ती करणाऱ्याचे हाल इथेच सुरू होतात. ज्योतीला हवा बाहेरून हवी आणि धूरही बाहेर जायला हवा, म्हणून टाकी बाहेरच्या भिंतीतल्या चौकोनी भोकातून आत सरकवतात आणि वर छोटे दार लावतात. बर्नर, सुरक्षा झडप आणि पाणी काढायचे बूच या दारातून हाताशी येतात. पाण्याच्या नळ्या मात्र टाकीच्या पाठीला, गाडीच्या आतल्या बाजूने जोडलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे पलंग किंवा ओट्याखालचे कपाट असते. म्हणून अर्धे काम बाहेर उकिडवे बसून आणि अर्धे कपाटात डोके घालून करावे लागते.

टाकी गळतेय असे वाटते तेव्हा दोष दर वेळी टाकीचा नसतो. टाकीत वरच्या बाजूला हवेचा थोडा कप्पा राहायला हवा. पाणी तापून फुगते ते या कप्प्यात सामावते. तो नाहीसा झाला की सुरक्षा झडप ठिबकू लागते आणि बिचारी टाकी बदनाम होते. १९७८ ते १९९५ या काळातल्या अनेक गाड्यांत पॉलिब्यूटिलीनचे करडे पाइप आहेत. पाण्यातल्या क्लोरीनने हे पाइप आतून ठिसूळ होतात. १९७३ ते १९७८ मधल्या जीएमसी मोटरहोममध्ये तर इंजिनाचे तापलेले शीतक टाकीपाशी नेऊन पाणी तापवायची सोय होती. तिथे हिरवट ओल दिसली तर आधी तो फेरा तपासावा. थंडीत न रिकामी केलेली टाकी बर्फाने फाटते, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते.

खरी गळती मात्र धातूच्या झिजेतून येते, आणि तिच्यावरचा उपाय एका जहाजावर आजमावला गेला होता. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि खारे पाणी ते पत्रे खाई. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले: लोखंड झिजले, तांबे वाचले. ‘समरंग’ या जहाजाला अशा पट्ट्या बसवून ते नोव्हा स्कॉशियाला पाठवण्यात आले. हे जहाज आपल्याकडचे. कोचीनला सागवानात बांधलेले, १८२२ मध्ये पाण्यात उतरलेले. पुढे अडचण निघाली. तांबे झिजेना, त्यामुळे त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि पट्ट्या लावलेल्या जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि कवचधारी जीव माजले. आरमाराने तो नाद सोडला.

गरम पाण्याच्या टाकीत शेवाळाचा प्रश्न नव्हता. १९३६ मध्ये मिलवॉकीच्या ए. ओ. स्मिथ कंपनीने काचेचा लेप दिलेल्या पोलादी टाकीचे पेटंट घेतले. लेपाला कुठे ना कुठे तडा जातोच, म्हणून अशा टाक्यांत मॅग्नेशियमची कांडी बसवू लागले. पोलादाच्या आधी पाणी तिला खाते. मोटरहोमच्या पोलादी टाकीत ही कांडी बाहेरच्या बुचालाच जोडलेली असते. (ॲल्युमिनियमच्या टाक्यांची घडण वेगळी, त्यांत सहसा ती नसते.) कांडी संपली आणि कोणी पाहिले नाही, की पाणी पोलादाकडे वळते. टाकीला एकदा भोक पडले की ती पूर्ण काढून नवी बसवावी लागते, आणि सोबत कुजलेली लाकडी चौकटही.

म्हणून जुनी मोटरहोम घेणाऱ्याने, मग तो आयोवातला शेतकरी असो की न्यू जर्सीतला मराठी इंजिनिअर, फळ्या उचकटण्याआधी बाहेरचे छोटे दार उघडावे. गॅस आणि वीज बंद करावी, पाणी पूर्ण निवू द्यावे, पंप बंद करून झडपेतून दाब सोडावा आणि मगच बूच फिरवावे. कांडी जाडजूड असेल तर टाकीला अजून आधार आहे. तीन चतुर्थांश झिजलेली असेल, तर त्याच दिवशी नवी बसवावी.